ओठांचं बाळंतपण

या अंकाच्या संपादकबाईंच्या भुवया आमच्याकडे झाल्या. खपली धरलेली असताना एक दिवस त्या आरशासमोरून उठून माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "आबा, तुम्ही मला जे जे सांगितलंत ना, ते आमच्या दिवाळी अंकासाठी लिहून द्या." मी म्हटलं, "माझी शाळा चौथीत संपली. शुद्धलेखन सुधारा, पण माझी मतं सुधारायची नाहीत." त्या कबूल झाल्या. तेव्हा इथून पुढं मतं माझी, वेलांट्या त्यांच्या.

मी मूळचा जत्रेतला गोंदणारा. बॅटरीवरचं मशीन, हिरवी शाई, बसायला पोतं. कुणाला हातावर नवऱ्याचं नाव, कुणाला हनुवटीवर ठिपका, कुणाला नुसताच विंचू. आता जत्रेतले हात आटले आणि माझा हातही थरथरतो, म्हणून मशीन सुटलं. धंदा मात्र सुटला नाही. आमच्या सूनबाई अर्चना यांचं कोथरूडला दुकान आहे. ती त्याला स्टुडिओ म्हणते. शटर आहे, कुलूप आहे, दारात पायपुसणं आहे, म्हणून मी दुकानच म्हणतो.

अर्चना भुवया करते आणि ओठ करते. म्हणजे ज्या बाईची भुवई विरळ आहे, तिथं बारीक सुईनं एकेक केस रेखल्यासारखी रेघ ओढून त्यात रंग भरायचा. ओठ फिके किंवा काळपट असले तर त्यातही असाच रंग सोडायचा. त्याला इंग्रजीत लांबलचक नावं आहेत, ती बाहेर पाटीवर लिहिली आहेत. मशीन बंद झालं की अर्चनाचं काम संपतं आणि माझं सुरू होतं. गिऱ्हाइकानं पुढं काय करायचं, काय करायचं नाही, हे मी सांगतो. नंतर घरी फोन करून जाब विचारतो. लोकांना वाटतं, खरं काम सुईचं. चूक. सुई फक्त रंग आत ठेवते. तो तिथं राहायचा की जायचा हे नंतर ठरतं.

जत्रेत हे मला कधी कळलंच नाही. गोंदलं, खोबरेल तेलाचं बोट फिरवलं, "पाणी लावू नकोस गं" म्हटलं की पुढचा हात पुढ्यात. ते गिऱ्हाईक पुन्हा दिसायचं नाही. इतकी वर्षं सुई चालवली, पण आपलं एकही काम बरं होताना मी पाहिलं नव्हतं. त्याची मला आता हळहळ वाटते. ते विंचू कसे उठले असतील, देव जाणे.

अर्चना सुरुवातीला प्रत्येकीच्या हातात छापील इंग्रजी कागद द्यायची. तो पर्समध्ये जायचा आणि पर्समध्येच म्हातारा व्हायचा. मी सरळ सांगतो, "बाई, तुमची भुवई बाळंत झालीय." एवढं म्हटलं की महाराष्ट्रातल्या कुठल्याही बाईला पुढचं सगळं कळतं. वारं लागू द्यायचं नाही, धूळ नको, उन्हात हिंडायचं नाही, भलतंसलतं खायचं नाही, भेटायला येणाऱ्यांनी हात लावायचा नाही. अंग सुजतं, मग ओसरतं. पहिले काही दिवस रूप बघवत नाही, म्हणून कुणी बाळ परत देत नाही.

तरी लोक चुका करतातच. एका कंपनीत काम करणाऱ्या मुलीच्या भुवया झाल्या. पुढच्या खेपेला ती सासूला घेऊन आली, तेव्हा भुवयांवर पिवळी पोपडी धरलेली.

"काय लावलंत?" मी विचारलं.

"हळद," सासूबाई म्हणाल्या. "आणि साजूक तूप. घरी कढवलेलं."

"कशासाठी?"

"जखम आहे ना ती? जखमेला हळद नाही लावायची तर काय लावायचं, गुलाल?"

"बाई, भिंतीला रंग दिलाय आणि तो अजून ओला आहे. त्यावर तुम्ही दुसरा रंग मारलात."

"मग तसं आधी सांगायचं होतंत."

"सुनेला सांगितलं होतं."

"सुनेला सांगून आमच्या घरात काही होतं का?"

ती मुलगी छताकडे बघत होती. तेव्हापासून मी एक नियम केला. काम झालं की पहिला प्रश्न, "घरात मोठं कोण?" त्या माणसाला फोन लावून सगळं सांगायचं. चुका त्याच्याच हातून व्हायच्या असतात. त्या मुलीच्या भुवया पुढं छान उठल्या. काही महिन्यांनी सासूबाई स्वतःच्या भुवया करायला आल्या आणि बसल्या बसल्या त्यांनी मलाच बजावलं, "हळद लावायची नाही, लक्षात आहे ना?"

आणखी एक सांगून ठेवतो, कारण पुढच्या हकिगतीत ते लागणार आहे. खपली पडली की खालचा रंग गेल्यासारखा दिसतो. हमखास. मग फोन येतात, कुणी रडतं, कुणी भांडतं. "आबा, रंग गेला!" मी म्हणतो, "गेला नाही, आत बसलाय. नवीन कातडीमागून बाहेर यायला वेळ लागतो. तुम्ही तोवर भाजी निवडा." मग हळूहळू रंग वर येतो. कुठं कमी पडलाच, तर अर्चना दुसऱ्या बैठकीत भरते. म्हणजे या धंद्यात अर्धं कसब वाट बघण्यात आहे, आणि पुण्यातल्या माणसाला वाट बघायला सांगणं म्हणजे काय, ते सिग्नलवर उभं राहून बघा.

तर आता दत्तोबा.

आषाढात एक दिवस दुकानात एक पुरुष आला. साठीच्या आसपासचा, डोक्याला टोपी, तोंडावर रुमाल. बाकावर बसलेल्या दोन्ही बायका सावरून बसल्या. त्यानं रुमाल काढला. खालच्या ओठावर मधोमध पांढरा डाग होता, वरच्या ओठावर त्याचीच सावली पडल्यासारखा आणखी एक.

"हितं ओठ रंगवून मिळत्यात का?" त्यानं विचारलं.

हा दत्तोबा सनईवाला. राहायला गुलटेकडीला, मार्केट यार्डाच्या मागं. घरात बायको नाही, एक मुलगी, मनीषा. तुळशीची लग्नं उरकली की लगेच तिचं लग्न ठरलेलं.

अर्चनानं त्याला आधी कातडीच्या डॉक्टरांकडे पाठवलं. कोडाच्या डागावर ती तशीच सुई लावत नाही. डॉक्टर म्हणाले, डाग बऱ्याच वर्षांत पसरलेला नाही, करून बघायला हरकत नाही, पण रंग धरेलच असं नाही. तो होकार घेऊन दत्तोबा परत आला. मी विचारलं, "सासरकडच्यांनी काही म्हटलं का डागावरून?"

"न्हाई हो. लई चांगली माणसं हायेत. मलाच पायजे."

"या वयात?"

त्यानं टोपी काढून हातात घेतली. मग म्हणाला, "आबा, आजपातूर किती लग्नं वाजवली त्याची गणती न्हाई. पर एका बी अल्बममधी मी न्हाई. फोटोवाला आला की म्हणतो, काका, जरा मागं सरका. आधी मला वाटायचं, जागा लागत आसंल त्याला. मग एकदा त्याचं दुसऱ्याशी बोलणं कानावर आलं. निदान पोरीच्या लग्नात तरी मला कुणी मागं सरकवू नये."

मी मान फिरवून अर्चनाला म्हटलं, "रंग काढ."

पण त्याआधी मी अट घातली. ओठ बरे होईतोवर सनई बंद. सनईच्या तोंडाला गवताची चपटी पत्ती असते, ती दोन्ही ओठांत धरून फुंकायची. ती टेकते बरोबर मधोमध, म्हणजे डागावरच.

"हळू फुंकली तर?" दत्तोबा म्हणाला.

"हळू बाळंतपण असतं का?"

"पर रियाज..."

"दत्तोबा, चातुर्मास आहे. लग्नं नाहीत. देवसुद्धा झोपलेत. तुम्हीपण गप्प बसा."

सुई फिरली. ओठ सुजून असे टम्म झाले की त्याला नीट बोलता येईना. मी घरात मोठं कोण विचारलं, तर त्यानं स्वतःच्या छातीकडे बोट केलं. मी म्हटलं, हे चालणार नाही, आणि मनीषाला फोन लावला. तिखट बंद, कढत चहा बंद, पाणी नळीनं, मलम कापसाच्या काडीनं, आणि सनई कपाटात. ती म्हणाली, "आबा, सनईचं सोडून बाकी सगळ्याची हमी देते."

पोरगी बापाला ओळखून होती. थोड्याच दिवसांत मी सकाळी फोन केला, तो मनीषानं उचलला, तर मागं सनई चालू. मी म्हटलं, बापाला दे.

"कोण वाजवतंय?" मी विचारलं.

"रेडिओ हाय," दत्तोबा म्हणाला. तो फोनवर आला तशी सनई थांबली होती. मी म्हटलं, "रेडिओ तुमची फार मर्यादा ठेवतो हो." त्यानं फोन ठेवून दिला.

मी तसाच उठलो. कोथरूडहून स्वारगेट, तिथून बस बदलून गुलटेकडी. गेलो तेव्हा तो दारातच बसला होता, शाळेत अंगठे धरून उभं राहायच्या तयारीनं. खपली मधोमध उचकटली होती. मी बोलायचं ते सगळं बोललो. मनीषा आतून चहा घेऊन आली आणि म्हणाली, "आबा, जरा मोठ्यानं बोला. शेजारच्यांनापण ऐकू दे. त्यांना पहाटे उठवतात ते."

व्हायचं तेच झालं. खपली पडली, रंग गेल्यासारखा झाला, श्रावणात वर आला. काय सुरेख आला! पिकल्या जांभळाच्या आतल्या गरासारखा, त्याच्या सावळ्या तोंडाला शोभेल असा. कडा जुळल्या, वरचा ओठ पुरा भरला. खालच्या ओठावर मात्र मधोमध, पत्ती टेकते तेवढी जागा, नखाएवढी पांढरी राहिली. दत्तोबा आरशात बघून म्हणाला, "बाकी झाक झालंय की!" मी म्हटलं, "बाकीचं तुमच्या सनईनं सोडलंय म्हणून."

गणपतीत त्यानं मनसोक्त वाजवलं, तेव्हा ओठ बरे होते, माझी ना नव्हती. मग पितृपंधरवड्यात दुसरी बैठक ठरली. त्या पंधरवड्यात नटण्यामुरडण्याला कोणी फिरकत नाही, दुकान रिकामं, दत्तोबालाही कुठलं बोलावणं नाही. या खेपेला मी कुणाच्या हमीवर राहिलो नाही. ओठ झाल्यावर त्याच्याबरोबर घरी गेलो आणि सनई मागितली. सनईच्या गळ्यात दोऱ्याला बांधलेल्या पत्त्या लोंबत होत्या. मी दोरा सोडून सगळ्या काढून घेतल्या.

"आबा, देव्हारा न्या घरातला," दत्तोबा सुजल्या ओठांनी बोलला, "पर पत्त्या नगा नेऊ."

"देव्हारा तुम्ही फुंकत नाही."

पत्त्या पुडीत बांधून मी घरी आणल्या आणि माझ्या कपाटात ठेवल्या. आता बिनपत्तीची सनई म्हणजे लाकडाचा तुकडा. मी निर्धास्त. रोज फोन करायचो, मागं शांतता. मनीषा म्हणायची, "नुसती बोटं फिरवत बसतात हो." मला वाटलं, जिरवली.

खपली पडली, रंग लपला, पुन्हा वर आला. आणि मधोमध तेवढीच नखाएवढी जागा, जशीच्या तशी.

माझा विश्वास बसेना. अर्चना म्हणाली, "आबा, डॉक्टर म्हणाले होते ना, तिथं रंग धरणार नाही कदाचित." मीही तेच खरं धरणार होतो. पण बापाबरोबर दुकानात आलेली मनीषा तिथं उभी होती, तिला हसू आवरेना. शेवटी म्हणाली, "आबा, सनईवाल्याकडं दोऱ्याला बांधलेल्या तेवढ्याच पत्त्या असतात असं वाटलं होय तुम्हाला? माळ्यावर डबा भरून आहेत. सनईच्या पुढच्या कर्ण्यात चिंध्या कोंबून वाजवत होते, गोधडीत शिरून."

मी दत्तोबाकडे बघितलं. त्यानं माझ्याकडे बघितलं नाही.

"तुम्हाला फोटो पाहिजे का नको?" मी ओरडलो. बाकावरच्या बायका उठून उभ्या राहिल्या. "आता लग्न तोंडावर आलं. तिसऱ्यांदा सुई लावायला वेळ नाही. ओठ सुजवून कन्यादान करणार आहात?"

तेव्हा तो बोलला. "फोटो पायजेच हो, आबा. पर चार दिस सनई सोडली की ओठ ढिला पडतो. सूर फाटतो. दुसऱ्यांच्या पोरींना जलमभर चांगलं वाजवलं, आन् माझ्या पोरीला फाटका सूर देऊ? तुम्ही सांगा. तुम्ही म्हणाल तसं."

मला कुणी असं विचारलेलं आवडत नाही. माझ्याकडे उत्तर नसलं की मला आवाज चढवायची सवय आहे, पण तो आधीच चढवून झाला होता. अर्चना म्हणाली, "काका, त्या दिवशी मी तेवढ्या जागेवर रंगाची कांडी फिरवून देईन, कुणाला कळणारपण नाही."

"कांडी पत्तीला लागंल," दत्तोबा म्हणाला. "नगं."

लग्नाला मी आणि अर्चना गेलो. कार्यालय सिंहगड रस्त्याला होतं. दत्तोबा नवरीचा बाप, फेटा बांधून, कोट घालून उभा. सनईला त्याचा धाकटा भाऊ बसला होता. मी मुद्दाम पुढच्या रांगेत बसलो, माझं काम मला उजेडात बघायचं होतं. लांबून ओठ देखणे दिसत होते, पण मधली जागा चुकत नव्हती. ज्याला माहीत आहे त्याला ती दिसायचीच, आणि फोटोवाल्याला नक्की दिसली असती.

मंगलाष्टकं सुरू झाली. बघतो तर दत्तोबा काहीतरी चघळतोय. मी अर्चनाच्या कानात म्हटलं, "नवरीचा बाप आणि उभ्या मंगलाष्टकांत सुपारी खातोय. शोभतं का हे?" अर्चना म्हणाली, "आबा, सुपारी नाही ती." आणि खरंच, शेवटचं 'सावधान' झालं, अंतरपाट खाली आला, अक्षता उडाल्या, आणि दत्तोबानं तोंडात धरून वाजण्याजोगी भिजवलेली पत्ती काढली, भावाच्या हातातली सनई ओढून घेतली, पत्ती बसवली आणि ओठाला लावली.

मला संगीतातलं काही कळत नाही. मला एवढंच कळलं की जेवणाच्या हॉलमध्ये पानं मांडणारी माणसं हातातली भांडी घेऊन दारात येऊन उभी राहिली.

तो नवरा-नवरीच्या अगदी जवळ उभा होता. हार घालायची वेळ. फोटोवाला पुढं आला आणि हात हलवून म्हणाला, "काका, जरा मागं सरका, फ्रेममध्ये येताय."

दत्तोबाचे डोळे मिटलेले होते, त्यानं ऐकलं की नाही कोण जाणे. मी मात्र ऐकलं. माझ्या गुडघ्यांना उठायला एरवी हात लागतो, त्या दिवशी लागला नाही. मी स्टेजवर चढलो.

"हा माणूस मागं सरकणार नाही," मी म्हटलं.

"आजोबा, तुम्ही कोण? नवरीकडचे का नवऱ्याकडचे?"

"मी ओठांकडचा."

पाठीमागं अर्चनाचं खुदकन हसणं मला ऐकू आलं. फोटोवाल्या पोराचं डोकं फिरलं असावं, तो म्हणाला, "बरं, मग निदान सनई खाली करायला सांगा. काकांचा चेहरा झाकला जातोय."

तेव्हा मनीषा बोलली. हार हातात तसाच धरून, नवरीनं बोलू नये इतक्या मोठ्यानं. "दादा, माझे बाबा असेच असतात. ज्या फोटोत ते नाहीत तो मला नको. आणि सनई खाली केलेली तर मुळीच नको."

नवरा लगेच म्हणाला, "ती म्हणते तसं." मला तो तिथंच आवडला.

फोटोवाल्यानं कॅमेरा डोळ्याला लावला. मनीषानं हार घातला. आणि मी शेजारी उभा होतो म्हणून मला अगदी जवळून दिसलं. दत्तोबाच्या ओठांवर सगळीकडे रंग होता, आणि जिथं नव्हता तिथं बरोबर पत्ती टेकलेली होती. नखभर इकडं नाही, नखभर तिकडं नाही.

माझ्या हातून असं काम कधी झालं नाही. अर्चनाच्याही नाही. खरं सांगायचं तर ते आमच्या दोघांचं नव्हतंच, पण मी जेवताना आजूबाजूच्या पाच-सहा जणांना आमचंच म्हणून सांगितलं. जिलबीपण जास्त घेतली.

अल्बम आला तसा दत्तोबा तो घेऊन दुकानात आला, फडक्यात गुंडाळून, पेढ्यांसकट. बाकावरच्या बायकांना सरकवून आम्ही तो मधोमध उघडला. पानभर मोठा फोटो. मनीषाचा हार अर्धा नवऱ्याच्या गळ्यात, वरून अक्षता पडताहेत, आणि दोघांच्या मधून सनई. अर्चना म्हणाली, "आबा, कड बघा. वरच्या ओठाची कड बघा!" मी चष्मा पुसून पुन्हा लावला. काय रंग धरला होता! मी दत्तोबाला म्हटलं, "बघा, बाळंतपण नीट पाळलं असतंत तर..." आणि पुढचं गिळलं, कारण फोटोत कमी असं काही दिसतच नव्हतं.

दत्तोबा ओठ बघतच नव्हता. तो फोटोतल्या आपल्या बोटांवर वाकला होता.

"हे बोट बघा," तो म्हणाला. "हितं चुकलंय. ह्ये भोक उघडं राहिलंय. पोरीनं हार घातला आन् बोट घसरलं माझं. सूर गेला त्या वक्ताला. जलमात कधी गेला न्हवता."

"आम्हाला नाही हो कळलं," अर्चना म्हणाली.

"मला कळलं." त्यानं अल्बम जरा लांब धरला आणि बराच वेळ बघत राहिला. बाकावरची एक बाई पेढा हातात घेऊन खोळंबली होती, पुढचं पान बघायला. दत्तोबानं काही पान उलटलं नाही.